कुर्ली आणि घाटी

आमच्या धंद्यात एक गंमत आहे. चढ चढायला कुठलंही गिऱ्हाईक घाबरत नाही. चढावर गाडी गुरगुरते, लाल माती उडते, मागून मित्र व्हिडिओ काढत असतो, त्यामुळे माणसाच्या अंगात वारं भरतं. खरी परीक्षा उताराची. सड्याच्या, म्हणजे वरच्या खडकाळ पठाराच्या, कडेला आणून गाडी उभी केली, खाली माडांचे शेंडे आणि त्यांच्यापलीकडे समुद्र दिसला, की मघापर्यंत आरोळ्या ठोकणारा गडी हळूच जवळ येऊन विचारतो, "काका, दुसरा रस्ता नाही का हो?"

आहे ना. चांगला डांबरी आहे. पण तो सांगितला तर मालक मलाच घरचा रस्ता दाखवेल.

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पुढे गेलं की एका गावाच्या सड्यावर मी एटीव्ही चालवायला शिकवतो. हे गाव माझंच. ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: मोटरसायकलसारखं हँडल, मोटरसायकलसारखंच बसायचं, पण खाली चार बुटके जाडजूड टायर. कातळ असो, वाळू असो, ती जाते. गावात पहिली गाडी आली तेव्हा तिचे बाहेर फेंगडलेले टायर बघून कुणीतरी म्हणालं, "ही तर कुर्ली!" कुर्ली म्हणजे आमच्याकडची खेकडी. तेच नाव पडलं. नाव तसं चुकीचंच आहे. खेकडी आडवी चालते, आणि ही उतारावर आडवी गेली की उलटते.

माझी उमेदीची वर्षं मुंबईत एका गॅरेजात गेली. परत आलो तेव्हा सड्यावर जागा घेतलेल्या एका गृहस्थांना, म्हणजे आताच्या मालकांना, इंजिन कळणारा आणि वाट माहीत असलेला माणूस हवा होता. गॅरेजातल्या गाड्या माझ्याशी बोलत नव्हत्या, ही गिऱ्हाइकं भरपूर बोलतात, एवढाच काय तो फरक. या दिवाळी अंकाच्या संपादकांनाही मी एकदा घाटी उतरवलं होतं. खाली पोचल्यावर पाय थरथरत असताना त्यांनी फर्मावलं, "तुमचे थरारक अनुभव लिहून द्या." लिहितोय. पण थरार थोडा आणि लाज जास्त, असा माल आहे. छापायचा तर छापा.

घाटी म्हणजे सड्यावरून खालच्या वाडीत उतरणारी जुनी पायवाट. वरचा भाग मोकळा आहे, मधे मात्र जांभा दगड कोरून वाट खाली नेलेली आहे. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर उंच दरड, मधून एक कुर्ली जेमतेम जाईल एवढी जागा. पायाखाली जांभ्याची बारीक खडी, आणि खडी म्हणजे मोहऱ्या सांडलेल्या फरशीवरून चालण्यासारखं. इथे उतरायची रीत मी सगळ्यांना एकाच सुरात सांगतो. वर थांबा, वाट डोळ्यांनी उतरा, मग गाडीने उतरा. सगळ्यात खालचा गिअर टाका आणि इंजिनालाच गाडी धरू द्या. ब्रेक दाबायचा तो लिंबू पिळल्यासारखा, खिळा ठोकल्यासारखा नाही. बूड मागे सरकवा, वजन मागे ठेवा. चाकाकडे बघू नका, जिथे जायचंय तिथे बघा. नाक सरळ उताराकडे, तिरकं जायचं नाही. पुढची गाडी तळाला पोचल्याशिवाय मागची हलणार नाही. आणि काहीही झालं तरी पाय खाली टेकायचा नाही.

हे शेवटचं सगळ्यांत अवघड. येणारी निम्मी गिऱ्हाइकं जन्मभर स्कूटर चालवलेली. स्कूटरवाल्याला भीती वाटली की त्याचा पाय डोक्याला न विचारता जमिनीवर जातो. स्कूटर त्याने सावरते. कुर्लीचं वजन पायाने पेलत नाही, उलट मागचं चाक येतं आणि त्या पायावरच चढतं. मी दर वेळी पायपट्टीवर काठी आपटून सांगतो, "पाय इथे चिकटवलाय असं समजा." सगळे माना डोलावतात. उतार लागला की निम्म्यांचे पाय सुटतात.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर अंक पुरणार नाही. पुण्याचे एक निवृत्त साहेब मला घाटीच्या तोंडाशी समजावत होते की उतारावर गाडी न्यूट्रल करावी, पेट्रोल वाचतं, ते चाळीस वर्षं तेच करत आलेत. मी म्हटलं, "साहेब, पेट्रोल मालकाचं आहे. हाडं तुमची आहेत." ते रुसले, पण गिअर टाकला. एक नवं जोडपं आलं होतं, त्यांना एकाच गाडीवर बसायचं होतं. दोन माणसं बसली की वजन मागेपुढे सरकवता येत नाही, म्हणून मी नाही म्हटलं. नवरा भांडला. बायको शांतपणे दुसऱ्या गाडीवर बसली आणि त्याच्या आधी खाली उतरून शहाळं पीत बसली. पुढे त्यांचा संसार कसा झाला ते मला माहीत नाही, पण गाडी कुणी चालवली असेल याचा अंदाज आहे.

तळाला पोचल्यावर मात्र सगळे सारखेच होतात. हेल्मेट काढतात, हसायला बघतात आणि हात थरथरत असतात. त्या वेळी मी प्रत्येकाला एकच वाक्य सांगतो, "पहिल्या खेपेला सगळ्यांचंच असं होतं." त्याने माणसाला बरं वाटतं. आपण पाहुणे आहोत, आपल्याला जमलं नाही तरी चालतं, असं वाटतं.

उतरायची ही रीत मी कंपनीच्या पुस्तकातून शिकलो असं गिऱ्हाइकांना वाटतं. गाड्या देणाऱ्या कंपनीचा माणूस शिकवायला आला होता, नाही असं नाही. पण वजन मागे, नजर पुढे, पाय सरळ, हे मी बापाकडून शिकलो. पालखीच्या दांड्याखाली.

आमच्या ग्रामदेवीचं देऊळ वर सड्यावर आहे आणि वाडी खाली. शिमग्यात देवीची पालखी देवळासमोरच्या दगडी चौथऱ्यावर, म्हणजे सहाणेवर, आणतात. तिथे ती खांद्यावर घेऊन नाचवतात आणि मग घरोघरच्या भेटीसाठी घाटीने खाली आणतात. डांबरी रस्ता झाला तरी देवीची वाट तीच. एकदा सहाणेवरून उचलली की वाडीतल्या पहिल्या घराच्या अंगणापर्यंत ती कुठे टेकवायची नाही. आणि घाटीत पुढच्या दांड्याचा मान आमच्या घराचा आहे. मान म्हणजे काय तर कष्ट. उतारावर पालखी आडवी राहावी म्हणून मागच्यांनी वाकायचं आणि पुढच्यांनी दांडा खांद्यावरून उचलून दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरायचा. तसंच धरून घाटी उतरायची. चांदीचे मुखवटे, सागवानी दांडा, साड्या, हार, नारळ, सगळ्याचा भार पुढच्या दोघांवर येतो. मी पहिल्यांदा दांड्याखाली गेलो तेव्हा माझा बाप माझ्यापुढे उलटा, तोंड माझ्याकडे करून उतरत होता. तो म्हणत होता, "खाली बगू नको. माज्याकडं बग. वजन मागं."

बाप गेल्यावर पुढच्या दांड्यावर अण्णा आणि मी असे दोघे होतो. अण्णा माझा थोरला भाऊ. तो कधी मुंबईला गेला नाही. आंब्या-काजूची बाग, थोडी भातशेती, आणि शिमगा. मी मुंबईहून शिमग्याला हटकून यायचो. साहेबाने रजा नाकारली तर आजोबांना आजारी पाडायचो. माझे आजोबा मेल्यानंतरही बरेच आजारी पडले.

आणि गावाला येऊन राहिलो तेव्हाच शिमगा सुटला. धुळवडीला जोडून सुट्ट्या आल्या की सड्यावर गाड्यांची रांग लागते, आमचा तो सगळ्यांत मोठा हंगाम. पहिल्या वर्षी मी अण्णाला म्हटलं, "या वर्षी जरा अडचण आहे." तो म्हणाला, "बरं." दुसऱ्या वर्षी मी काही सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. माझ्या जागी मागच्या वाडीतला एक जण उभा राहू लागला. मुंबईतून शेकडो मैल येणारा मी, सड्यावरून हाकेच्या अंतरावर जाईनासा झालो. ढोल ऐकू यायचा. मी गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली हेल्मेटचा पट्टा आवळत असायचो आणि आवाज येतोय तिकडे पाठ करायचो.

घाटी गावाची आहे. मालकाला ती वापरू द्यायची की नाही यावर देवळात बैठक झाली तेव्हा गावाने एकच अट घातली. पालखी सहाणेवरून हलायच्या आत घाटी रिकामी पाहिजे. शब्द मी दिला. गावचे मानकरी भिकातात्या म्हणाले, "दिगूनं सांगितलं म्हंजे झालं."

मागच्या वर्षीची गोष्ट. दुपार कलत होती. देवळाकडे ढोल सुरू झाला आणि घाटीच्या तोंडाशी माझ्याजवळ एकच गिऱ्हाईक उतरायचं राहिलं होतं. कोल्हापूरच्या एका शिक्षिका होत्या, त्यांचे यजमान आधीच उतरून खाली मोबाइल रोखून उभे होते. मी मनात हिशोब केला. ढोल आत्ता सुरू झालाय. म्हणजे पालखी आत्ता नाचायला लागली. आमच्या वेळी पालखी सहाणेवर नाचायला लागली की थांबायचं नाव घेत नसे. एक जोडी दमली की दुसरी, दुसरी दमली की तिसरी, बायका खोळंबून ओरडायच्या तेव्हा कुठे ती हलायची. तेवढ्या वेळात मी दहा गिऱ्हाइकं उतरवली असती. मी म्हटलं, "चला बाई, सावकाश जाऊ." त्या पुढे गाडीवर, मी मागून पायी.

मला माहीत नव्हतं ते एवढंच, की आता पालखी तेवढी नाचत नाही. जोड्याच नाहीत. पोरं मुंबईहून येतात ती एका दिवसासाठी, काही येतच नाहीत. सहाणेवर एक फेरा धरतात आणि निघतात. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. मला ठाऊक नव्हतं, कारण किती वर्षांत मी सहाणेपाशी उभा राहिलो नव्हतो. माझ्या डोक्यातली पालखी अजून आमच्याच वेळेइतकी नाचत होती.

दरडीच्या अरुंद जागी बाईंच्या गाडीचं मागचं चाक खडीवरून किंचित घसरलं. अगदी किंचित. पण त्या घाबरल्या आणि डावा पाय खाली गेला. स्कूटरवाल्या. गाडी हातभर पुढे सरकली, मागचं चाक पायावर आलं आणि त्यांनी ब्रेक करकचून दाबला. पाय चाक आणि दरड यांच्यामध्ये अडकला.

"काका, पाय अडकला ओ," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. आवाज मात्र अगदी बारीक झाला होता.

मी म्हटलं, "ब्रेक सोडू नका. बाकी सगळं मी बघतो." दरडीला चिकटून पुढे गेलो, पुढच्या दोन्ही चाकांखाली चिरे सरकवून उटी लावली, म्हणजे ब्रेक सुटला तरी गाडी पुढे जाणार नाही. गाडी पुढे गेली असती तर चाक त्यांच्या घोट्यावरूनच गेलं असतं. आणि मान वर केली तर वळणावर निशाण दिसलं. त्यामागे ढोल. त्यामागे पालखी.

ढोल थांबला. 

पालखी वळणाच्या अलीकडे दरडीत शिरली होती. तिला मागे फिरायला जागा नाही, आणि देव निघाला की उलटा जात नाही. टेकवायची तर सोयच नाही. पुढच्या दांड्याखाली अण्णा होता, हात डोक्याच्या वर, मनगटाच्या शिरा तटतटलेल्या. त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, बाईंच्या पायाकडे पाहिलं.

निशाणवाला आणि दोन्ही ढोलवाले पुढे धावत आले. घाटीत खांदा बदलायला पालखीपुढे चालत असतात ते हेच तिघे. मागची माणसं पालखीच्या मागे अडकलेली, दरडीतून पुढे यायला उंदराला वाट नाही. म्हणजे जे अण्णाला सोडवायचे, ते माझी कुर्ली उचलायला आले. आम्ही चौघांनी ती मागून उचलायला जोर केला. गाडी खाचेत रुतली होती, हलली नाही. खालून बाईंचे यजमान ओरडायला लागले, "ओढा तिला! हाताला धरून ओढा!" वरून कुणीतरी म्हणालं, "दिगू, आटप रे, दांडा किती वेळ धरनार?"

ओढलं असतं तर पाय सुटला असता. मोडूनही सुटला असता. दुसरा उपाय होता, तो मला येत होता आणि तो वेळखाऊ होता. मागच्या टायरची हवा सोडायची. टायर मऊ पडला की पाय अलगद निघतो. मी अण्णाकडे पाहिलं. विचारायला तोंड उघडलं, तर तोच बोलला. मला नाही, बाईंना.

"बाय, घाबरू नको. देवीला घाय नाय. आमी हाव हितं."

मी किल्लीच्या टोकाने टायरची सुई दाबली. हवा सुस्स करत निघाली. एरवी तो आवाज कुणाच्या कानावरही येत नाही. त्या दिवशी निम्मं गाव तो उभं राहून ऐकत होतं. मी गुडघ्यांवर बसलो होतो, माझी पाठ पालखीकडे होती, आणि पाठीमागे अण्णाचा श्वास ऐकू येत होता. तो श्वास आधी लांब होता, मग आखूड झाला. टायर बसत गेला. कुणी ओरडत नव्हतं आता. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटत होतं.

पाय निघाला. बूट तिथेच राहिला. घोट्याजवळ कातडं सोललं होतं, एवढंच. ढोलवाल्यांनी बाईंना उचलून दरडीवर बसवलं. आता गाडी बाजूला काढायची. पण बाजू कुठे होती? वाट मोकळी करायची तर गाडी खालीच न्यायला हवी होती. मी उटी काढली आणि गाडीवर बसलो.

हे लिहिताना अजून हात अडखळतो. आमच्याकडे पालखीपुढे वहाण घालून चालत नाहीत, पालखी उभी असताना कुणी बसत नाही. मी पायात बूट, डोक्यावर हेल्मेट घालून, फटफटीवर बूड टेकवून, देवीच्या पुढून घाटी उतरलो. ढोल गप्प आणि माझं इंजिन चालू. मागचा टायर बसलेला, त्यामुळे गाडी लंगडत होती आणि घाई करणं शक्यच नव्हतं. खालचा गिअर, वजन मागे, नाक सरळ. एकही चूक केली नाही. एवढ्या नीट मी ती घाटी कधीच उतरलो नसेन. आणि मागून अण्णा उतरत होता, हात वर धरून, माझ्या गाडीच्या चालीने.

पालखी संध्याकाळी आमच्या घरी आली. अंगणात पाटावर बसली. घरातल्यांनी ओवाळलं. मी खांबाला टेकून उभा होतो. सगळ्यांच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालायला भिकातात्या पुढे झाले, आणि मला वाटलं, आता सगळ्यांसमोर माझं काय ते होऊन जाऊ दे. दंड सांगतील, घाटी बंद म्हणतील, निदान शब्दाची आठवण करून देतील. तात्यांनी हात जोडले आणि आपल्या नेहमीच्या आवाजात सुरुवात केली.

"बाय माजे, वर्साप्रमानं तू लेकरांच्या दारी आलंस. आज परगावची एक लेक तुज्या घाटीत अडाकली. तिच्या पायाला आराम पडू दे. ह्या घरातलं लेकरू पोटासाटी जी काय गाडी चालवतंय, ती संबाळ. घाटी तुजी, येनारा जानारा तुजा. काय चूकभूल आसंल ती पोटात घाल."

"होय महाराजा!" सगळे म्हणाले. माझ्याखेरीज सगळे.  कुर्लीसाठी गाऱ्हाणं घातलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. दंड झाला असता तर भरून मोकळा झालो असतो. हे कुठे भरायचं?

अण्णा अंगणाच्या कडेला बसला होता. उजव्या खांद्यावर ओला पंचा टाकलेला. वहिनीने चहाचा कप पुढे केला तर त्याने तो डाव्या हाताने घेतला.

खांदा तेव्हापासून गेला. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आत काहीतरी फाटलंय, हात आता खांद्याच्या वर जाणार नाही. त्या वर्षीचे आंबे त्याने माणसं लावून उतरवले. कुणी विचारलं की तो म्हणतो, "वय झालं." मी त्याच्याकडे बोलायला गेलो होतो. तो म्हणाला, "त्या बायचा पाय वाचला ना? तू केलंस ता बरोबर केलंस." बरोबरच केलं. आजही तसाच प्रसंग आला तर मी हवाच सोडीन. पण बरोबर केलं म्हणून लाज कमी होत नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जिथे मी उभा असायला हवा होतो तिथे तो उभा होता, आणि मी काय करतो याची वाट बघत उभा होता. त्या कोल्हापूरच्या बाईंचा नंतर फोन आला होता. त्यांनी माझे आभार मानले. मी म्हटलं, आभार माझे नाहीत. त्यांना वाटलं मी विनय दाखवतोय.

या वर्षी मी मालकाला सांगितलं, शिमग्याच्या त्या दिवशी गाड्या निघणार नाहीत. ते चिडले, मग मऊ झाले, मग म्हणाले की पालखीचे फोटो तरी काढून आणा, जाहिरातीला बरे पडतील. मी सकाळीच आंघोळ करून सहाणेवर गेलो. अनवाणी. तळवे भाजत होते, कातळ मार्चमध्येच तापलेला असतो. भिकातात्यांनी पाहिलं आणि दांड्यापाशी जागा करून दिली. पालखी नाचली. एकच फेरा. खरंच, एवढाच.

घाटीच्या तोंडाशी आलो. याच जागी उभा राहून मी किती माणसांना सांगितलं असेल, वाट आधी डोळ्यांनी उतरा. दांडा हातांवर घेतला आणि तो डुगडुगायला लागला. गुपचूप नाही, सगळ्यांना दिसेल असा. दंडाला ती सवयच राहिली नव्हती. गाडीचं हँडल धरून हात तयार होतात ते वेगळ्या कामाला. तेवढ्यात अण्णा माझ्यापुढे आला. उजवा हात अंगाशी धरलेला. तो वळला, तोंड माझ्याकडे केलं आणि उलटा उतरायला लागला, बाप उतरायचा तसा.

"खाली बगू नको, दिगू. माज्याकडं बग. वजन मागं. पाय सरळ टाक, तिरका नको. सावकाश."

मी त्याच्याकडे बघत उतरलो. त्याच्या तोंडाकडे बघत होतो तेव्हा कमी लाज वाटत होती आणि त्याच्या हाताकडे नजर गेली की जास्त. दरडीत, त्याच जागी, माझे हात इतके भरून आले की दांडा झुकला. ढोलवाल्याने झटकन खालून आधार दिला. पालखी कलली नाही. वाडीच्या पहिल्या अंगणापर्यंत ढोलवाल्याचा हात माझ्या हाताखालीच होता.

पालखी टेकली. ढोल पुन्हा सुरू झाला, बायका आरत्या घेऊन पुढे आल्या. मी अंगणाच्या दगडी गडग्याला धरून उभा होतो, दोन्ही हात थरथरत होते आणि थांबत नव्हते. अण्णा जवळ आला. मला त्याला खूप काही सांगायचं होतं, वर्षभर जुळवून ठेवलेलं. मी "अण्णा" एवढंच म्हणालो. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. मग डाव्या हाताने माझी पाठ थोपटली आणि अगदी मायेने म्हणाला,

"आसू दे रे. पयल्या खेपेला सगळ्यांचंच आसं व्हतं."